कुहीच्या तलावातला पेशंट

आमच्या ग्रुपचे नियम तं लय आहेत, पण कामाचा एकच. जो माणूस जिल्ह्यात नवा पक्षी शोधीन, त्याले त्या दिवशी तर्री-पोह्याची पयली प्लेट. डबल तर्री, म्हणजे वरून चन्याचा झणझणीत रस्सा दोनदा. खिशात हात घालाचा नाही. अन् कृष्णकांत सरांच्या रजिस्टरमधे त्याचं नाव.

तीन वर्षं झाले मले ग्रुपात येऊन. ती प्लेट दुसऱ्याच्या हातात जाताना लय वेळा पाहिली. बहुतेक वेळा सरांच्याच हातात.

सर म्हणजे ॲडमिन. कॉलेजात बॉटनी शिकवत होते, आता रिटायर आहेत. झाडाचं कसं आहे, एकदा नाव सांगितलं का ते झाड दुसऱ्या दिवशी बी तिथंच उभं राहते. त्याच्यानं सरांची सवय झाली. एकदा नाव सांगितलं का सांगितलं. पक्ष्यानं जमवून घ्याचं.

मी प्रज्वल हेडाऊ. राहाले नंदनवनले, कामाले फ्लेक्सच्या दुकानात. मले पक्षी कोणी शिकवले नाही. फुटपाथवरून एक जुनं पुस्तक घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचे चाळीस पानं फाटलेले होते. म्हून बदकं मले आजही कच्चे आहेत. पण चाळीसच्या पुढचं विचारा.

तं मंगळवारी एका भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लावाले कुहीकडे गेलतो. भाऊ मोबाइल कानाले लावून हसून राहिले, खाली पन्नास शुभेच्छुकांचे मुंडके. गावाबाहेर तलाव आहे, त्याच्या पाळीवर खांब. मी शिडीवर चढून भाऊंचा डावा कोपरा बांधून राहिलो होतो, अन् खाली पाण्यात काहीतरी फिरलं.

दुर्बीण माह्या बॅगेत राहतेच. सेकंडहँड आहे. डाव्या डोळ्यातून धुकं दिसते, उजव्या डोळ्यातून दुनिया.

लहानसा पक्षी. वरून राखाडी, खालून पांढरा, डोळ्याच्या मागं काळा डाग जसा काजळ पुसल्यावर राहते, अन् चोच सुईसारखी. शिंगाड्याच्या पानांच्या मधात मोकळं पाणी होतं, तिथं पोहून राहिला होता. अन् गोल फिरून राहिला होता. गोल म्हणजे जागच्या जागी. दोन-तीन फेऱ्या, टुच्च. दोन-तीन फेऱ्या, टुच्च.

आमचं घर कोष्ट्यांचं. मी लहान होतो तवा आई चरख्यावर कांड्या भरे, बाबा मागावर. ती कांडी जशी फिरे ना, एकदम तसाच.

मी शिडीवरूनच दुर्बिणीच्या उजव्या डोळ्याले मोबाइल टेकवला अन् फोटो काढला. फोटो म्हणजे काळ्या गोलात राखाडी धब्बा, धब्ब्याले चोच. भाऊंचं फ्लेक्स थोडं तिरपं लागलं. त्याचं मले आजही दुःख नाही.

फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कुहीजवळ. हा कोण? पोहते, गोल फिरते."

चार मिनिटात सरांचं उत्तर. "कॉमन तुतारी. बहुधा आजारी. गोल फिरणे हे विषबाधेचे लक्षण."

तुतारी म्हणजे तो शेपूट हलवत काठाकाठानं चालणारा पक्षी. आपल्याकडे हिवाळ्यात प्रत्येक डबक्यावर एक राहते. मी तुतारी पाहिली नसन का? तुतारी पाण्यात पोहत बसत नाही.

रात्री पुस्तक उघडलं. चाळीसच्या पुढंच होता, माह्यं नशीब. फॅलारोप. तिकडं बर्फाच्या देशात अंडे देते, अन् हिवाळाभर समुद्रावर राहते. पाण्यात गोल फिरते, म्हणजे खालचे किडे भोवऱ्यासंगं वर येते, अन् हा चोचीनं टिपते. त्याची जेवाची पद्धत आहे ती. कधीमधी रस्ता चुकून आतल्या तलावावर उतरते, असंही लिहिलं होतं. माणसाले भेत नाही, कारण जिथून येते तिथं माणूसच नाही.

सगळं टाइप करून टाकलं.

सर म्हणाले, "प्रज्वल, उत्साह चांगला आहे. पण फॅलारोप समुद्रावर असतो. कुहीला समुद्र आला का?"

चौदा लोकांनी हसणारे तोंडं टाकले. मंग सरांनी लिहिलं, "धुरकट फोटो ग्रुपवर टाकू नयेत. नवीन सदस्यांची दिशाभूल होते. – ॲडमिन." अन् माह्या फोटोच्या जागी आलं, हा मेसेज ॲडमिननं डिलीट केला आहे.

म्हणजे पक्षी बिमार, फोटो बिमार, अन् थोडासा मी बी.

खरं सांगतो, मले राग फोटोचा नाही आला. बाबानं पंचवीस वर्षं लुगडी विणली. एका लुगड्यावर बाबाचं नाव नव्हतं, लेबल दुकानाचं राहे. आता बाबा एका अपार्टमेंटच्या गेटवर बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नावं रजिस्टरमधे लिहिते. मी कधी बाबाले सांगितलं नाही, पण मले एका रजिस्टरमधे स्वतःचं नाव पायजे होतं. एक ओळ. मोठी मागणी नाही ना?

शनिवारी सरांचा मेसेज आला. "रविवारी कुही येथे रेस्क्यू मिशन. आजारी तुतारीला पकडून उपचारासाठी आणायचे आहे. सकाळी साडेपाच, नंदनवन."

रेस्क्यू. मले वाटलं माह्याच डोळ्यावर धुकं आलं.

सकाळी चारच जण आले. बाकीचे हसाले होते, उठाले नव्हते. सर. सावनेरचा सुशील, ज्याच्या लेन्सले गाडीत स्वतःची सीट लागते, सीटबेल्टसहित. मिनल, दातांची डॉक्टर. सरांचं वाक्य संपल्यावर पुढं प्रश्न विचारणारी ग्रुपात ती एकटीच आहे. अन् मी, पेशंटचा पत्ता मलेच माहीत होता म्हून.

सुशीलच्या मांडीवर एक पुठ्ठ्याचा डबा होता अन् गुंडाळलेलं काहीतरी निळं.

"हे काय बे?" मी इचारलं.

"मच्छरदाणी. आईची आहे, फाडू नको म्हणाली."

मिनल समोरून वळली. "सर, जंगली पक्षी पकडाले परमिशन लागते ना?"

"वनविभागाला मेसेज टाकला आहे."

"मंग काय म्हणाले ते?"

"एक टिक आहे," सर म्हणाले अन् काच खाली केली.

पाळीवर पोचलो तं नुकतं उजाडलं होतं. भाऊ खांबावर तसेच तिरपे, हसून राहिले होते. तलावाचा अर्धा भाग शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला. एक बाई डोंग्यात बसून शिंगाडे तोडून राहिली होती, तोडलेल्याचा एक ढीग पाळीवर. अन् काठापासून वीस-पंचवीस फुटावर माह्या तो. पाच दिवसानंतर बी तिथंच. दोन-तीन फेऱ्या, टुच्च.

मी सरांची बाही ओढली.

"सर, हा पाहा. चोच पाहा ना. तुतारीची अशी राहते का?"

सरांनी दुर्बीण लावली. दहा सेकंद. "बिचारा. मान सुद्धा सरळ धरता येत नाहीये."

"सर, तो खाऊन राहिला आहे!"

"मेंदूवर परिणाम झाला की अशा हालचाली होतात, प्रज्वल. मी कोंबड्यांत पाहिलंय."

सुशीलनं लेन्सची बॅग उघडाले घेतली. सरांनी हात वर केला. "कॅमेरे गाडीत. मोबाइलसुद्धा. आजारी जिवाचे फोटो काढायचे नसतात. आधी जीव, मग फोटो. हे आपल्या मंडळाचं तत्त्व आहे."

"सर, एकच क्लिक..."

"सुशील."

लेन्स परत आपल्या सीटवर जाऊन बसली. आमचे मोबाइल बी तिच्यापाशी. सरांचे तत्त्व चांगलेच राहते, त्यात वाद नाही. फक्त ते नेहमी चुकीच्या दिवशी निघते.

तेवढ्यात डोंगा काठाले लागला. बाई साठीच्या असन. लुगड्याचा काष्टा, हात शिंगाड्याच्या काट्यांनी सोलवटलेले. गावात तिले यमुताई म्हणते, हे मंग कळलं.

"का करून राहिले गा तुम्ही? मच्छरदाणी घेऊन मच्छी धरता का?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "सर म्हणते तो पक्षी बिमार आहे."

"कोणता? हा फिरणारा?" तिनं पाह्यलं, मंग आम्हाले पाह्यलं. "दसऱ्यापासून आहे थो. दिवसभर खाते. बिमार माणूस इतका खाते का गा?"

मिनल म्हणाली, "सर, ऐका ना, या रोज पाहून राहिल्या आहेत."

"स्थानिकांचं निरीक्षण आपण आदरानं ऐकतो," सर म्हणाले. त्यांनी ते आदरानं ऐकलं, अन् पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"वं बाई," यमुताई मिनलले म्हणाली, "तुह्या या गुरुजीले सांग, तिथं चिखल आहे. माह्या म्हशीचा पाय फसला होता परवा."

सरांनी ते बी आदरानं ऐकलं.

सर अन् सुशील पाण्यात उतरले. मच्छरदाणीचा एक कोपरा सरांजवळ, एक सुशीलजवळ. जसे लग्नात अंतरपाट धरते, तसे दोघं पुढं चालले. मधून मधून सरांचा पाय फसे, पुचुक आवाज येई, अन् सर काही झालंच नाही असे पुढच्या पायावर येत.

अन् तो येडा! तो भेतच नव्हता. उलट त्यांच्या पायानं चिखल वर आला, किडे वर आले, तं तोच यांच्याकडे सरकला. फेरी, टुच्च. त्याले वाटलं असन, चांगले लोक आहेत, जेवण लावून राहिले.

दहा फूट राहिले. आठ.

मले पुढचं सगळं दिसून राहिलं होतं. मच्छरदाणीत त्याचे पंख अडकन. मंग डबा, डब्याले सुशीलनं पेन्सिलनं पाडलेले चार भोकं. मंग नागपूरपर्यंत खड्डे. वजन किती त्याचं, मूठभर शेंगदाण्याएवढं. सर लिहितीन, "प्रयत्न करूनही वाचू शकला नाही." अन् ग्रुपवर चौदा जोडलेले हात येतीन.

उडवला तं वाचते. पण उडवला तं तो थांबते काहून? गेला तं गेला. माह्या धब्बा सरांनी कापलाच होता, बाकी ग्रुपमधे कोणाच्या कॅमेऱ्यात तो नाही, अन् सरांच्या रजिस्टरच्या पयल्या पानावर लाल शाईत लिहिलं आहे, "फोटो नाही तर नोंद नाही." याच ओळीवर सरांनी माह्ये दोन पक्षी आधी कापले होते. म्हणजे मी टाळी वाजवली का माह्यी प्लेट, माह्यी ओळ, सगळं मीच उडवणार.

सहा फूट.

मी मोठ्या मनाचा माणूस नाही. मी सहा फुटापासून चार फुटापर्यंत विचार करत राहिलो, हे सांगून टाकतो.

मंग पाळीवरच्या ढिगातून मूठभर शिंगाडे उचलले, बोटात काटे घुसले, अन् फेकले. त्याच्यावर नाही, बाजूले. चार-पाच शिंगाडे धबाधब पाण्यात. एक सरांच्या टोपीले.

तो उडाला.

बिमार? बिमार पक्षी असा उडत नाही गा. टिप-टिप-टिप ओरडत पाण्यावरून तीरासारखा गेला, वळला, आमच्या डोक्यावरून एक चक्कर मारली, अन् दोन्ही पंखांवर पांढरा पट्टा, चुन्याच्या बोटानं ओढल्यासारखा. मंग उंच. मंग धानाच्या बांध्यांवरून. मंग माह्या दुर्बिणीच्या उजव्या डोळ्यातून एक ठिपका. मंग काहीच नाही.

यमुताई म्हणाली, "घ्या. गेला तुमचा पेशंट." अन् मले, "अन् माह्ये शिंगाडे कोण काढीन? तुह्या बाप?"

सर पाण्यात तसेच उभे. हातात मच्छरदाणीचा कोपरा. तोंड थोडं उघडं.

"पांढरा पट्टा," ते हळूच म्हणाले. "पंखावर. आणि तो आवाज."

मिनलनं पुस्तक उघडलंच होतं. तिच्याजवळ सगळे पानं आहेत. "सर, फॅलारोप. लाल मानेचा. हिवाळ्यात मान लाल नसते म्हणे."

सुशीलनं मच्छरदाणी सोडून दिली.

मंग सर म्हणाले, "मला शंका होतीच."

मी शिंगाडे काढाले पाण्यात उतरलो, नाही तं काहीतरी बोललो असतो.

कॅमेरे आले. लेन्स आली. मोबाइल ज्याचे त्याले मिळाले. आम्ही साडेदहापर्यंत पाळीवर बसलो. सुशीलनं तुतारी काढली, बगळे काढले, भाऊंचं फ्लेक्स काढलं. दर दहा मिनिटांनी म्हणे, "एकच क्लिक म्हटलं होतं ना मी. एकच." तो आला नाही. यमुताईनं डोंग्यातून एकदा इचारलं, "वाट पाहून राहिले का? त्याले परत मच्छरदाणीत झोपाचं आहे का?"

मंग कुहीच्या स्टँडवर पोहे.

टपरीवाल्याले आमचा नियम माहीत आहे. त्यानं डबल तर्रीची पयली प्लेट सवयीनं सरांपुढं ठेवली. सरांच्या पॅन्टवर गुडघ्यापर्यंत तलाव वाळला होता. त्यांनी प्लेट बाजूले सरकवली, रजिस्टर काढलं अन् मोठ्यानं बोलत लिहाले लागले. "लाल मानेचा फॅलारोप. कुही. जिल्ह्यातील पहिली नोंद. निरीक्षक... चोच पक्षीमित्र मंडळ. नेतृत्व..."

"सर," मिनल म्हणाली, "पुरावा?"

पेन थांबला. सरांनी पयलं पान उघडलं नाही. पण लाल शाई आम्हाले सगळ्यांले बंद रजिस्टरमधून बी दिसते.

"चौघांनी पाहिला आहे," सर म्हणाले.

"मागच्या वर्षी प्रज्वलच्या पक्ष्याले तिघांनी पाह्यलं होतं. तुम्ही म्हणाले, डोळे पुरावा नसतात."

सुशील पोहे चावता चावता थांबला. "अबे! प्रज्वलचा फोटो आहे ना. मंगळवारचा."

"तो सरांनी डिलीट केला," मी म्हटलं.

"ग्रुपवरून केला ना बे. तुह्या मोबाइलमधे असन."

होता. माह्या मोबाइलमधे जागा कधीच नसते, सगळे भाऊ अन् त्यांचे वाढदिवस भरले आहेत. शुक्रवारी मी तो उडवाले बोट नेलं बी होतं. नाही उडवला. काहून, माहीत नाही.

तिघंही माह्याकडे पाहून राहिले. तीन वर्षात तिघांनी एकाच वेळी माह्याकडे पाह्यलं, हे पयल्यांदाच.

"प्रज्वल," सर म्हणाले, आवाज एकदम मऊ, "तो फोटो पाठव बरं."

"सर, धुरकट आहे."

"चालेल."

"नवीन सदस्यांची दिशाभूल होईन."

मिनलनं चहाच्या ग्लासात तोंड घातलं. तिचे खांदे हलून राहिले होते.

सरांनी "नेतृत्व" या शब्दावर आडवी रेघ मारली. मंग मंडळावर. अन् त्यांच्या त्या बॉटनीच्या सुंदर अक्षरात लिहिलं, "प्रज्वल हेडाऊ." लिहून रजिस्टर माह्याकडे फिरवलं, सही घेणाऱ्या कारकुनासारखं.

मी दोनदा वाचलं. मंग म्हटलं, "सर, माह्या नावाच्या वर अजून एक नाव लिहा. यमुताई. त्यांनी दसऱ्याले पाह्यला, मी मंगळवारी."

"आडनाव?"

"इचारून येतो. शिंगाड्यांची माफी बी मागाची आहे."

सर लिहिता लिहिता पुटपुटले, "स्थानिकांचं निरीक्षण." पण लिहिलं.

"आता फोटो."

"पयले पोहे, सर. नियम आहे."

सरांनी प्लेट उचलली. स्वतःच्या हातानं माह्यापुढं ठेवली. तर्रीवर तेल आलं होतं, पोहे थंड झाले होते, चने दातात कडक लागून राहिले होते. खरं सांगतो, त्या टपरीचे पोहे कधीच चांगले नव्हते. इतके वर्षं दुसऱ्याच्या प्लेटीकडे पाहून मले ते भारी वाटत होते. मी सगळे खाल्ले. हळू खाल्ले. एक एक चना मोजल्यासारखा. अर्धी प्लेट यमुताईची होती, हे मले माहीत होतं. म्हून तिच्यासाठी गरम पार्सल बांधाले सांगितलं, तेही डबल तर्री, अन् सुशीलकडे पाह्यलं. त्यानं चुपचाप खिशात हात घातला.

सर मोबाइल हातात धरून बसले होते. दर दोन मिनिटांनी स्क्रीन पुसत.

हात धुतले. मोबाइलमधला तो फोटो शोधला, सरांच्या नावावर दाबलं, पाठवलं. कुहीचं नेटवर्क म्हणजे काय सांगू. माह्या धब्ब्यावर एक बारीक गोल आला अन् फिराले लागला. एक फेरी. दोन फेऱ्या. तीन.

सर वाकून पाहाले लागले. "हे काय, अडकलं का? फोन बिघडला का रे तुझा?"

"नाही सर," मी म्हटलं. "त्याले फिरू द्या."